किल्ली देताना मागच्या सीटमधल्या त्या दोन कड्याही दाखवा

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व मोटार विक्रेते, शोरूमचे व्यवस्थापक आणि डिलिव्हरी विभागातले सर्व कर्मचारी यांस

प्रत माहितीसाठी: मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य

विषय: लहान मुलांची सीट गाडीतल्या आयसोफिक्स अँकरला कशी बसवायची, हे प्रत्येक गाडीच्या डिलिव्हरीच्या वेळी करून दाखवण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

नवी गाडी घ्यायला घरातले सगळे येतात. आजी-आजोबा येतात, शाळेतली मुलं येतात, कडेवरचं बाळ येतं. गाडीवरचं कापड ओढायला तुम्ही त्या मुलांनाच पुढे बोलावता. हार, नारळ, पेढे, फोटो होतात. मग तुमचा माणूस गाडी समजावून सांगतो: फोन ब्लूटूथला कसा जोडायचा, सनरूफ कसं उघडायचं, मागचा कॅमेरा, टायरमधली हवा, पहिली सर्व्हिसिंग केव्हा. हे सगळं सांगायलाच हवं. पण मागच्या सीटची पाठ आणि बैठक यांच्यामधल्या फटीत पोलादी कड्या आहेत आणि त्या या कडेवरच्या बाळासाठी आहेत, हे क्वचितच कोणी सांगतं. मग ते बाळ आईच्या मांडीवर बसून घरी जातं, बहुतेक वेळा पुढच्या सीटवर.

हे पत्र एवढ्याचसाठी आहे. त्या कड्या दाखवा, आणि त्यांना सीट कशी लावायची ते करून दाखवा.

मी पुण्यात राहते. सोसायटीत, नात्यात, ऑफिसात कोणाकडे बाळ आलं आणि कारसीट आणली, की ती बसवायला मला हाक येते. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या मी मागच्या दारातून, गुडघ्यावर बसून पाहिल्या आहेत. आणि पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसते: आपल्या गाडीत हे अँकर आहेत याचा मालकाला पत्ताच नसतो. एका घरी तर पाच स्टारवाली नवीकोरी एसयूव्ही होती. मुलीचे बाबा म्हणाले, ‘आमच्या गाडीत ते आयसोफिक्स नाहीये, मी शोरूममध्ये विचारलं होतं.’ मी सीट कव्हरची शिवण बाजूला सारून हात आत घातला. दोन्ही कड्या जागच्या जागी होत्या. त्यांना उत्तर देणाऱ्या तरुणाने खोटं सांगितलं असं मला वाटत नाही. त्याला कोणी कधी दाखवलंच नव्हतं.

म्हणून आधी वस्तूविषयी. आयसोफिक्स म्हणजे गाडीच्या सांगाड्यालाच पक्क्या केलेल्या दोन लहान आडव्या सळ्या. जाडी ६ मिलिमीटर, आणि एकीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत २८० मिलिमीटर अंतर. हे माप सगळ्या कंपन्यांसाठी एकच आहे. आयएसओ १३२१६ हे आंतरराष्ट्रीय मानक १९९९ मध्ये आलं ते याचसाठी. त्याआधी मुलांची सीट मोठ्यांच्या पट्ट्यानेच बांधावी लागे. ती पद्धत आजही चालते आणि नीट केली तर सुरक्षितही आहे. पण पट्टा नेमका कुठून ओवायचा, किती ओढायचा, मध्ये पीळ तर पडला नाही ना, यात आईबाप चुकत. सीट बांधलेली दिसायची आणि असायची सैल. सळ्या आल्यावर त्या चुकांना फारशी जागा उरली नाही. सीटच्या मागून दोन जबडे बाहेर येतात, ते सळ्यांवर दाबले की ‘खट्’ असा आवाज होतो आणि खूण लालची हिरवी होते. अमेरिकेने १ सप्टेंबर २००२ पासूनच्या नव्या गाड्यांना असे अँकर सक्तीचे केले. आपल्याकडेही आता कितीतरी गाड्यांत ते येतात, लहान हॅचबॅकमध्येसुद्धा. ग्राहकाने त्यांचे पैसे गाडीच्या किमतीतच भरलेले असतात.

मांडीविषयी आता बोलायला हवं, कारण आपल्या घरांमधला खरा अडथळा तिथे आहे. आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा बाळाला दुसरी नाही, असं आपण मानतो. घरात ते खरंही आहे. गाडीत मात्र हिशेब वेगळा होतो. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असताना समोर आदळली, तर ती साधारण एक दशांश सेकंदात थांबते. त्या क्षणभरात आठ किलोचं बाळ हातांना शंभर किलोहून जास्त भारी होतं. इतकं वजन कुठल्याच आईला धरून ठेवता येत नाही. तिचे हात कमजोर असतात म्हणून नव्हे, तर तेवढी ताकद माणसात नसतेच. आणि तिने स्वतः पट्टा लावला नसेल तर तिचा सगळा भार बाळाच्या अंगावर येतो. काही जण दोघांना मिळून एकच पट्टा लावतात. ते तर सगळ्यात वाईट, कारण तेव्हा पट्टा आणि आईचं शरीर यांच्यामध्ये बाळ चिरडलं जातं. हे लिहिताना मलाही त्रास होतो. पण शोरूममध्ये हे कोणीतरी, आवाज खाली ठेवून का होईना, सांगायला हवं.

आपण काही एकटेच असे नाही. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने १९७८ मध्ये लहान मुलांना सीटमध्ये बसवण्याची सक्ती केली. तिथलं ते पहिलंच राज्य. रॉबर्ट सँडर्स नावाचे एक बालरोगतज्ज्ञ त्यासाठी आमदारांच्या मागे लागले होते. पण कायदा करताना त्यात एक पळवाट ठेवली गेली: मोठ्या माणसाने बाळ हातात धरलं असेल तर चालेल. म्हणजे तीच मांडी. त्या पळवाटेचा अर्थ काय होतो हे कळल्यावर १९८१ मध्ये ती काढून टाकावी लागली. चार वर्षांत, म्हणजे १९८५ पर्यंत, अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत असे कायदे झाले होते. आज तिथल्या रस्तेसुरक्षा यंत्रणेचा अंदाज असा आहे, की कारमध्ये योग्य सीट नीट वापरली तर एक वर्षाखालच्या बाळांचा मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी कमी होतो आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी. माझ्या मावसबहिणीची डिलिव्हरी न्यू जर्सीत झाली. दवाखान्यातून घरी सोडण्याआधी नर्सने पहिला प्रश्न विचारला तो सीटबद्दल. माझी मावशी इथून बाळंतपणाला गेली होती, तिने ते पाहिलं. परत आल्यावर पुण्यातल्या नातवासाठी सीट घ्या म्हणून तिनेच हट्ट धरला. आजीला कळलं की घर बदलतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आपला कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ ब आलं. चौदा वर्षांखालचं मूल सुरक्षा पट्ट्याने किंवा बालसुरक्षा साधनाने बांधलेलं नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्याला एक हजार रुपये दंड. कलम चांगलंच आहे. त्यातलं ‘किंवा’ मात्र मला खटकतं. दोन वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा लावला तर तो खांद्यावर न बसता मानेवर बसतो, आणि खालचा भाग कमरेच्या हाडावर न राहता पोटावर सरकतो. धडकेत तोच पट्टा इजा करतो. परिवहन आयुक्तांना मी या पत्राची प्रत पाठवते आहे, त्याचं एक कारण हे आहे. कोणत्या उंचीपर्यंत बालसीट आणि त्यानंतर पट्टा, हे राज्यातल्या प्रत्येक आरटीओत भिंतीवर लिहिलेलं असावं. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत त्यावर एक प्रश्न असावा. दंडाची पावती त्यानंतर यावी.

विक्रेत्यांनो, आता तुम्ही ज्या स्टारच्या जोरावर गाडी विकता, त्या स्टारबद्दल. भारत एनकॅप, म्हणजे धडकेच्या चाचण्या घेऊन गाड्यांना सुरक्षिततेचे स्टार देणारी आपली योजना, २२ ऑगस्ट २०२३ ला जाहीर झालं आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालं. तेव्हापासून तुमच्या शोरूममध्ये ‘फाइव्ह स्टार’ हे शब्द प्रत्येक टेबलावर ऐकू येतात. त्याचा मला आनंद आहे, कारण दहा वर्षांपूर्वी ग्राहक ॲव्हरेज विचारून थांबायचा. पण मुलांच्या सुरक्षिततेचे स्टार कसे मिळतात, हेही ग्राहकाला सांगा. त्यासाठी ४९ गुण असतात. २४ गुण प्रत्यक्ष धडकेच्या चाचणीचे. त्यात दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलांएवढ्या बाहुल्या बसवतात, आणि त्या बालसीटमध्येच बसवतात. १२ गुण सीट गाडीत नीट बसते की नाही याचे, आणि १३ गुण गाडीत त्यासाठी काय सोय आहे याचे. म्हणजे गाडीला मुलांसाठी पाच स्टार मिळाले ते मूल सीटमध्ये आहे असं धरून. मांडीवरच्या बाळाला त्यातला एकही स्टार लागू होत नाही.

यातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती तुमच्या फार कामाची आहे. चाचणीत वापरलेली सीट कोणती होती, ती कुठे आणि कशी बसवली होती, हे गाडी बनवणाऱ्या कंपनीला माहीत असतं. तुम्ही कंपनीच्या प्रतिनिधीला विचारलंत तर ते नाव तुम्हाला मिळू शकतं. ग्राहकाला सीटच्या बाजारात एकट्याला सोडून देण्यापेक्षा ‘आपल्या गाडीत ही सीट नीट बसते’ एवढं एक वाक्य तुमच्याकडून मिळालं, तर त्याचं अर्धं काम होईल. आज तो ऑनलाइन फोटो बघून सीट मागवतो. पेटी उघडल्यावर कळतं, की त्याला जबडेच नाहीत, ती फक्त पट्ट्याने बांधायची आहे. किंवा जबडे असतात, पण सीटला आधार म्हणून गाडीच्या तळावर टेकणारा जो पाय असतो, तो तळातल्या कप्प्याच्या झाकणावर येतो. गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट परवानगी नसेल तर तसा पाय टेकवायचा नसतो, कारण धडकेच्या दाबाने ते झाकण खचू शकतं.

आता दाखवायचं म्हणजे नेमकं काय, ते सांगते. यात वीस मिनिटंही जात नाहीत.

पहिलं, कड्या शोधणं. काही गाड्यांत त्या प्लास्टिकच्या झाकणाआड असतात, काहींत चेनच्या आत, काहींत नुसत्या फटीत. खूण म्हणून सीटवर लहान मुलाचं चित्र किंवा छोटा टॅग असतो. ग्राहकाचा हात धरून बोट तिथे टेकवायला लावा. डोळ्यांनी दिसलं नाही तरी बोटाला लोखंड लागलं की विसरत नाही. बहुतेक गाड्यांत या कड्या मागच्या दोन्ही खिडक्यांकडच्या जागांवर असतात, मधल्या जागेवर नसतात. एका जागेची एक आणि दुसऱ्या जागेची एक अशा कड्या घेऊन मध्ये सीट लावण्याचा प्रयत्न लोक करतात. गाडीच्या पुस्तिकेत तसं लिहिलेलं नसेल तर ते करू नये, कारण अंतर जुळत नाही. त्याच पुस्तिकेत कोणत्या जागेवर कोणत्या प्रकारची सीट चालते याचा तक्ता असतो. ते पान उघडून तिथे एक चिठ्ठी चिकटवून द्या.

दुसरं, वरचा पट्टा, म्हणजे टॉप टेदर. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. समोर तोंड करून बसवायच्या सीटला वरून एक पट्टा येतो. तो मागच्या सीटच्या डोके टेकायच्या उशीखालून किंवा तिच्या दोन दांड्यांमधून मागे नेऊन तिसऱ्या अँकरला अडकवायचा असतो. तो लावला नाही तर धडकेत सीट खाली घट्ट राहते आणि वरून पुढे झुकते. मुलाचं डोकं मग कितीतरी पुढे जातं, आणि पुढच्या सीटची पाठ तिथे जवळच असते. हा तिसरा अँकर सेडानमध्ये मागच्या काचेखालच्या फळीवर असतो, हॅचबॅकमध्ये बहुधा मागच्या सीटच्या पाठीला, काही मोठ्या गाड्यांत तळाला किंवा छताला. डिकीत सामान बांधायच्या ज्या कड्या असतात त्या वेगळ्या, आणि त्या ही ताकद सोसण्यासाठी नसतात. मी कितीतरी गाड्यांत टेदर सामानाच्या हुकाला लावलेला पाहिला आहे. खऱ्या अँकरजवळ बहुधा नांगराचं चित्र असतं. डिकीत सीएनजीची टाकी असली तर तिथे हात घालायला जागा राहते का, हे तुमच्या मेकॅनिकने आधीच पाहून ठेवावं.

मागे तोंड करून बसवायच्या सीटला बहुधा टेदर लागत नाही. तिला आधाराचा पाय असतो किंवा सीटच्या रचनेत दुसरी सोय असते. लहान बाळाने मागेच तोंड करून बसायचं. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं आणि मान कोवळी असते. मागे तोंड असेल तर धडकेचा जोर सगळ्या पाठीवर वाटला जातो. युरोपच्या आर १२९ या नियमात निदान पंधरा महिन्यांपर्यंत मागे तोंड हवं असं आहे. सीटच्या मर्यादेत बसत असेल तोवर त्यानंतरही तसंच ठेवावं, असं अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात. पाय दुमडतात म्हणून आज्या हळहळतात, पण मुलं आरामात मांडी घालून बसतात. त्यांना त्याचा त्रास नसतो.

आणि मागे तोंड असलेली सीट पुढच्या जागेवर, चालू एअरबॅगसमोर, कधीही नाही. हे वाक्य तुमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत असायला हवं. १ एप्रिल २०२१ नंतरच्या नव्या मॉडेलांना पुढच्या प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची झाली. एअरबॅग मोठ्या माणसाला वाचवते, पण ती फुगते ती प्रचंड वेगाने, आणि बाळाची सीट तिच्या अगदी समोर असते. सन व्हायझरवर त्याचं चित्र चिकटवलेलं असतं. नव्या गाडीवरचे स्टिकर काढताना तुमची माणसं तोही सोलून टाकतात, तेवढं थांबवा.

तिसरं, सीट पक्की झाली का ते पाहणं. जिथे ती गाडीला जोडली आहे तिथे, म्हणजे खालच्या बाजूला धरून, डावी-उजवीकडे आणि पुढे हलवायची. एक इंचापेक्षा कमी हलली तर ठीक. वरून धरून हलवू नका, वर थोडी हलणारच. कड्यांना लावलेल्या सीटला पुन्हा गाडीचा पट्टाही ओढून बांधायचा नसतो, सीटच्या पुस्तिकेत सांगितलं असेल तरच. दुहेरी बांधलं म्हणजे दुप्पट सुरक्षित, असं इथे होत नाही. वजनाचीही मर्यादा असते. जुन्या आर ४४ नियमातल्या सीटला अँकरवर मुलाचं वजन १८ किलोपर्यंत चालतं. नव्या आर १२९ मध्ये मूल आणि सीट मिळून ३३ किलो. त्यापुढे गाडीचा पट्टा वापरायचा, आणि तो खांद्यावर नीट बसावा म्हणून बूस्टर, म्हणजे मुलाला उंच करणारी बैठक.

शेवटी मूल बसवणं. आतल्या पट्ट्याची खांद्यापाशी चिमूट घेता आली तर तो सैल आहे. आपल्याकडे बाळ दुपट्यात गुंडाळलेलं असतं, आणि गुंडाळलेल्या बाळाला पायांमधला पट्टा लावताच येत नाही. म्हणून आधी बाळ बसवा, पट्टे आवळा, आणि दुपटं वरून पांघरा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बकलचा धातू चटका बसेल इतका तापतो. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तर आधी हात लावून पाहिल्याशिवाय मुलाला बसवू नये, हेही सांगून टाका.

तुमच्या ॲक्सेसरीजच्या काउंटरबद्दल थोडं कडक लिहिते, राग मानू नका. गाडी घेतल्याच्या दिवशीच जाड सीट कव्हर घातली जातात. त्यांच्या शिवणीखाली कड्या गाडल्या जातात, आणि मागच्या पट्ट्यांची बकलंसुद्धा. मग बाप शोधतो, सापडत नाही, आणि ‘आमच्या गाडीत नाही’ असं त्याच्या मनात पक्कं बसतं. कव्हर विकायचंच असेल तर कड्यांच्या जागी उघडणारं विका, आणि बसवणाऱ्या कारागिराला बजावून सांगा. फार साधी गोष्ट आहे, फक्त कोणीतरी ती आपली मानायला हवी.

‘ग्राहक विचारत नाही’ हे उत्तर मला मिळालेलं आहे. ग्राहक टायरमधल्या हवेबद्दलही विचारत नव्हता, तुम्ही सांगत राहिलात म्हणून आज विचारतो. दुसरं उत्तर असं, की मुलं सीटमध्ये रडतात. रडतात, विशेषतः दोन वर्षांचं मूल पहिल्यांदाच बसवलं तर. पहिल्या प्रवासापासून सीटमध्येच बसलेलं बाळ तिथेच झोपायला शिकतं. म्हणूनच ही गोष्ट गाडीच्या पहिल्या दिवशी व्हायला हवी. किमतीचं उत्तर खरं आहे. सीट स्वस्त नाही आणि काही वर्षांनी बदलावी लागते. पण अलॉय व्हील, सनरूफ आणि गादीसारखे मॅट घेणाऱ्या घराला तुम्ही सीटचा पर्यायच दाखवला नाही, तर त्याने काय निवडायचं? ज्यांना खरंच परवडत नाही त्यांना वापरलेली सीट घेतानाचे नियम सांगा: अपघात झालेल्या गाडीतली नको, मुदत छापलेली असते ती पाहा, पुस्तिका आणि सगळे पट्टे आहेत का पाहा, मानकाचा शिक्का पाहा. जुन्या गाड्या विकणाऱ्यांना माझी वेगळी विनंती आहे. गाडीत आयसोफिक्स नसेल तर ‘मग काही उपयोग नाही’ असं म्हणू नका. पट्ट्याने बांधायची सीट मिळते, आणि ती नीट बांधली तर चांगलीच असते.

आमची कुटुंबं मोठी आहेत, पाच जणांच्या गाडीत सात जण बसून कुलदैवताला जातात, हे मला माहीत आहे. माझ्याही सासरी हेच होतं. पण रस्ते बदलले आहेत. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आता पूर्ण झाला आहे, आणि त्यावर ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाला मागची सीट आपोआप सुरक्षित राहत नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, आणि ते दोघेही गेले. पुढचे दोघे वाचले. त्यानंतर काही महिने मागच्या पट्ट्याबद्दल सगळीकडे बोललं गेलं. मागे उभ्या असलेल्या, दोन सीटच्या मधून डोकावणाऱ्या मुलांबद्दल मात्र तेव्हाही फार कोणी बोललं नाही.

आता नेमकी मागणी. गाडी देताना तुम्ही ग्राहकाकडून एक यादी तपासून सही घेता: स्टेपनी, जॅक, पाना, दुसरी किल्ली, त्रिकोण, प्रथमोपचाराची पेटी. त्या यादीत एक ओळ वाढवा: ‘आयसोफिक्स आणि टॉप टेदरचे अँकर प्रत्यक्ष दाखवले, सीट बसवून दाखवली.’ ग्राहकाने सही करायची आणि दाखवणाऱ्यानेही. प्रत्येक शोरूममध्ये एक बालसीट नमुन्याला ठेवा, तिच्यावर तुमच्या माणसांचा हात बसू द्या, आणि टेस्ट ड्राइव्हला कडेवर मूल घेऊन कोणी आलं तर ते त्याच सीटमध्ये बसूनच जाऊ द्या. सर्व्हिसिंगला गाडी आली आणि आत बालसीट दिसली, तर ती हलवून पाहा आणि सैल असेल तर जॉब कार्डावर लिहा. काढलीत तर परत नीट लावून द्या. सर्व्हिस सेंटरमधून आलेल्या गाडीत टेदर मोकळा लोंबत असलेला मी पाहिला आहे. परिवहन विभागाने तुमच्या परवान्याच्या अटींत ही ओळ घातली तर उत्तमच. पण त्यासाठी थांबू नका, ती घालायला तुम्हाला कोणाची परवानगी लागत नाही.

दसऱ्याला आणि पाडव्याला तुमच्याकडे एका दिवसात किती गाड्या जातात ते तुम्हालाच ठाऊक. त्या गर्दीत वीस मिनिटं मिळणार नाहीत, हेही मला कळतं. म्हणून सणाच्या आधीच्या आठवड्यात, बुकिंग केलेल्या घरांपैकी ज्यांच्याकडे लहान मूल आहे किंवा येणार आहे, त्यांना वेगळं बोलवा. शिकवायला माणूस नसेल तर मी येते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या कोणत्याही शोरूममध्ये, शनिवारी सकाळी, विनामूल्य. सीट माझी आणते. तुमच्याकडची एक गाडी आणि डिलिव्हरीची माणसं तेवढी तयार ठेवा. आणि कव्हर बसवणाऱ्या कारागिरालाही बोलवा.

आपली,
पुण्यातील एक ग्राहक आणि दोन मुलांची आई